मामा नसल्यास ही ओळ काढावी

औंढ्याच्या महिपतीआबांनी एकतीस वर्षांत एकसष्ट लग्नांच्या मंगलाष्टका लिहिल्या, असं गावात सगळे सांगत. खरं म्हणजे त्यांनी एकाच लग्नाच्या लिहिल्या होत्या. बाकीच्या साठांत फक्त नावं बदलली होती.

ही गोष्ट आबांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. निदान आबांची तशी समजूत होती.

पहिल्या मंगलाष्टका त्यांनी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी लिहिल्या. महिनाभर बोटांवर अक्षरं मोजून, शार्दूलविक्रीडित वृत्तात, चांगल्या आठ. लग्न झालं, लोकांनी माना डोलावल्या, आणि पंधरा दिवसांत शेजारचे एक जण नारळ आणि टॉवेल घेऊन दारात आले. "आबा, आमच्या पोरीला बी करा की." आबांना नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. एसटीत शेजारच्यानं झोपेत खांद्यावर मान टाकली तर ते आपला थांबा सोडून त्याच्या थांब्याला उतरत. ते हो म्हणाले, वाचनालयात जाऊन बसले, तीन दिवस डोकं खाजवलं, आणि एक शब्द सुचला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घामाघूम होऊन त्यांनी बहिणीच्या अष्टकांत बहिणीचं नाव खोडलं, तिथं त्या मुलीचं घातलं आणि कागद देऊन टाकला. मांडवात कुणीतरी उठून आता आपल्याला चोर म्हणेल, म्हणून ते खांबामागे उभे राहिले. कुणी म्हणालं नाही. उलट जेवताना दोघांनी त्यांच्या पानात जास्तीची जिलेबी वाढायला लावली.

तेव्हापासून रीतच पडली. लग्न ठरलं की नारळ-टॉवेल यायचा, आणि आबा तीन दिवस वाचनालयात जाऊन बसायचे. औंढ्याचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या बाजूची एक खोली, दोन कपाटं आणि एक टेबल. किल्ली आबांकडे. त्या तीन दिवसांत त्यांना कुणी हाक मारायचं नाही. म्हशीला पाणी नाही, भातलावणीला माणसं सांगून येणं नाही, पाहुण्यांशी बोलणं नाही. "आबा लिवायला बसल्यात," असं त्यांची बायको बयाबाई दारातूनच सांगायच्या आणि आलेला माणूस चपला न वाजवता परत फिरायचा. आबा आत बसून दोन जाडजूड कादंबऱ्या संपवायचे. नावं बदलायला पुढे दहा मिनिटं लागायची.

या सुखाला पापाची चव होती. कादंबरीतला खुनी सापडत आला की आबांना वाटे, आता आपलाही नंबर.

त्यातल्या त्यात त्यांना समाधान होतं ते एका ओळीचं. पाचव्या अष्टकात ती होती:

मामा हा रडतो हळूच पुसतो, डोळे रुमालातुनी.

ही ओळ आली की मुलीमागे उभा असलेला मामा खरोखर रडायचा. एकतीस वर्षांत एकही मामा कोरडा गेला नव्हता. काही मामा तर ओळ यायच्या आधीच खिशात हात घालून तयार असायचे. आबा याला शब्दांचं सामर्थ्य समजत.

पूर्वी हे सगळं वहीत असे. आठ वर्षांपूर्वी मुलानं, संदेशनं, त्यांना फोन घेऊन दिला, आणि आबा फोनवर मराठी लिहायला शिकले. मग त्यांनी 'लग्न' नावाचं एक फोल्डर केलं. त्यात प्रत्येक लग्नाची एक फाइल, आणि सगळ्यांत वर एक, जिचं नाव 'साचा'. साच्यात नावांच्या जागी कंस होते: (मुलीचे नाव), (मुलीचे गाव), (मुलाचे गाव). आबा मुळात नेटके, म्हणून जागोजागी स्वतःसाठी सूचनाही लिहून ठेवलेल्या. काम आलं की साच्याची कॉपी काढायची, कंस भरायचे, फाइलला नाव द्यायचं, की झालं.

तो अँड्रॉइड फोन या माघात म्हशीच्या पाण्याच्या बादलीत पडला. आबा खाली वाकून वाचत होते, हे त्यांनी घरी सांगितलं नाही. फोन वाचला, पण त्याचा पडदा अर्धा काळा झाला. संदेश लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या काउंटरवर असतो. त्यानं स्वतःला नवा फोन घेतला होता, म्हणून आपला जुना आयफोन वडिलांना दिला.

"आबा, आता हे वेगळं असतं बरं का," तो म्हणाला. "नंबर, फोटो, व्हॉट्सअॅप सगळं टाकलंय. तुमच्या फाइली राहिल्यात. कुठल्या पाहिजेत?"

"लग्नाचं फोल्डर," आबा घाईनं म्हणाले. "उघडू नकोस. तसंच दे."

"उघडून काय करू मी?" संदेशला ड्युटीला उशीर होत होता. त्यानं जुन्या फोनवरून ते फोल्डर ड्राइव्हवर चढवलं आणि नव्या फोनवर उतरवलं. "ही बघा, झिप फाइल आहे. गाठोडं समजा. हिच्यावर टॅप करायचं, फोल्डर उघडतं. एकदाच करायचं."

आबांनी मान हलवली. त्यांना सगळं ऐकू आलं, फक्त 'एकदाच' हे त्यांनी 'एका वेळी एकदा' असं मनात लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात राजेंद्रच्या सृष्टीचं लग्न ठरलं. राजेंद्र म्हणजे आबांच्या घरामागचे, बांधाला बांध असलेले. मुलगा कान्ह्याचा, प्रितम नावाचा, तळेगावला कंपनीत. नारळ-टॉवेल घेऊन राजेंद्रऐवजी सृष्टी स्वतःच आली.

सृष्टी ही आबांच्या वाचनालयाची सर्वांत जुनी वाचक. खरं तर गेल्या दहा वर्षांतली एकमेव. तिसरीत असल्यापासून ती फ्रॉकच्या ओच्यात पुस्तकं घालून न्यायची.

"आबा," ती टॉवेल टेबलावर ठेवत म्हणाली, "माझ्यासाठी एक ओळ तरी नवी लिहाल?"

आबांच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

"म्हणजे?" ते म्हणाले.

"म्हणजे नवी."

"सगळ्या नव्याच असतात."

"व्हय की," सृष्टी म्हणाली. "तरी पण. एक."

ती गेली. आबा बराच वेळ टॉवेलकडे बघत राहिले. पोरीला कळलं होतं की सहज म्हणाली? कळलं असेल तर तिनं कुणाला सांगितलं असेल? आणि हे सगळं सोडलं तरी, ज्या एका माणसानं आपल्या कपाटातली पुस्तकं वाचली, त्याला आपण साच्यातली शिळी ओळ वाढायची? त्यांनी ठरवलं. एक ओळ नवी लिहायची. जमलं तर दोन.

त्या तीन दिवसांत महिपतीआबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाचनालयात बसून खरोखर लिहिलं. कादंबरीला हात लावला नाही. बोटं मोजून मोजून दुखायला लागली. बयाबाई डबा घेऊन आल्या, तर नवरा भिंतीकडे बघून "लघू लघू गुरू" म्हणत होता. त्या डबा ठेवून मागच्या मागे परत गेल्या.

दोन ओळी झाल्या. आता त्या फाइलमध्ये घालायच्या होत्या, आणि इथं नव्या फोनचा आणि आबांचा खरा परिचय झाला.

आबांनी गाठोड्यावर टॅप केलं. 'लग्न' उघडलं, आत सगळं जिथल्या तिथं. ते साच्याची कॉपी काढणार, तोच राजेंद्र पत्रिका दाखवायला आले. आबांनी फोन उलटा ठेवला. ते गेल्यावर आबांनी पुन्हा गाठोड्यावर टॅप केलं, कारण संदेशनं तसंच सांगितलं होतं. घरात जायचं तर दार ठोठावायचं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांना हे कळत नव्हतं की प्रत्येक वेळी दार ठोठावलं की पलीकडे एक नवीन खोली बांधली जाते, आणि त्या खोलीत तेच सगळं सामान पुन्हा मांडलं जातं. 'लग्न' झालं, 'लग्न 2' झालं, 'लग्न 3' झालं.

तिसऱ्या खोलीत त्यांनी साच्याची कॉपी काढली. फोननं तिला आपणहून 'साचा 2' नाव दिलं. नाव बदलायचं कुठं ते आबांना सापडेना, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. तेवढ्यात बयाबाईंनी चहाला हाक मारली. चहा पिऊन आल्यावर आबांनी पुन्हा दार ठोठावलं. चौथी खोली. तिथं 'साचा 2' नव्हतं.

"गेली," आबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा कॉपी काढली. तीही 'साचा 2' झाली. या वेळी त्यांनी जागचं न हलता सगळे कंस भरले, सूचना खोडल्या आणि शेवटी आपल्या दोन नव्या ओळी लिहिल्या. मग सुखरूप आहे ना बघावं म्हणून संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी तीनदा दार ठोठावलं, आणि प्रत्येक वेळी त्यांना फाइल दिसली नाही, नुसता कोरा साचा दिसला. शेवटी चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं आणि सगळ्या खोल्या एका रांगेत समोर उभ्या राहिल्या. लग्न, लग्न 2, लग्न 3, असं करत लग्न 7.

आबांनी घाम पुसला. संदेशला फोन करावा असं त्यांच्या तीनदा मनात आलं. पण संदेश म्हणाला असता, "आणा इकडे, बघू," आणि त्यानं साचा उघडला असता. मुलानं बापाला साच्यासकट पकडायचं, यापेक्षा सात लग्नं बरी.

लग्न कान्हे फाट्याजवळच्या लॉन्सवर होतं. मुहूर्त दुपारी बारा सत्तावीसचा.

मंगलाष्टका म्हणायला नेहमीप्रमाणे नथूबुवा. बुवांचा आवाज पंचक्रोशीत एक नंबर, आणि त्यांची एक ख्याती होती. समोर जे लिहिलेलं असेल ते ते म्हणत. अर्थाकडे बघायची त्यांना सवय नव्हती, सुरातून सवडच मिळत नसे. एका लग्नात कागदाच्या तळाशी झेरॉक्सवाल्याचं नाव आणि मोबाइल नंबर होता. बुवांनी तोही आळवून म्हटला होता, आणि शेवटच्या आकड्यावर अक्षता पडल्या होत्या.

बुवांनी आता पेटीवर एक टॅब लावला होता. "आबा, कागद नको," ते म्हणाले. "व्हॉट्सअॅपला टाका. मोठं अक्षर दिसतंय मला ह्याच्यात."

आबा अष्टका नेहमी शेवटच्या क्षणी देत. आधी दिल्या तर कुणी बसून मागच्या लग्नाशी ताडून पाहील, ही भीती. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फोन काढला, सात खोल्यांची रांग पाहिली आणि तिसरीत शिरले. 'साचा 2'. सापडली. ते फाइल उघडून खात्री करणार, तोच मागून कुणीतरी त्यांचा चष्मा काढला.

"हलू नका आबा," सोमाटण्याचे भिमाजी म्हणाले. हे सृष्टीचे सख्खे मामा, आणि आज फेट्यांचं खातं त्यांच्याकडे होतं. "फेटा बांधतोय. चष्म्यात अडकतो."

"भिमाजी, एक मिनिट, मला दिसत नाही."

"फेट्याला काय बघायचं असतंय? तुमी उभं राहा."

फेट्याचे वेढे पडत असताना आबांनी अंदाजानं पाठवायचा बाण दाबला, अंदाजानं बुवांच्या नावाचा हिरवा ठिपका दाबला. टिंग झालं. पलीकडून बुवांनी अंगठा वर केला. आबांना अंगठा धूसर दिसला, पण दिसला.

अंतरपाट धरला गेला. सृष्टी एका बाजूला, प्रितम दुसऱ्या. सृष्टीच्या मागे भिमाजी मामा, हात आधीच खिशाजवळ. चारशे माणसं अक्षता घेऊन उभी. आबा सवयीनं एका खांबामागे. बुवांनी पेटीचा भाता ओढला.

"आली मंडपि ही वधू लगबगे, हातात माळा धरी..."

आबांनी डोळे मिटले. चांगला लागला होता आवाज.

"मुलीचे नाऽऽव ही हसरी, गुणी, सुगृहिणी..."

आबांनी डोळे उघडले.

बुवा थांबले नव्हते. "मुलीचे नाव" ही पाच अक्षरं त्यांनी शार्दूलविक्रीडितात अशी बसवली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, हे एखाद्या देवीचंच नाव. "...मुलीचे गाऽऽवची लाडकी. मुलाचे गाऽऽवचा वर हा उभा निरखितो..."

 तिसरी खोली. पहिली कॉपी. एकतीस वर्षांचा साचा, कंसांसकट, चारशे माणसांसमोर, माइकवर. आबांनी सुटायची वाट शोधली. लॉन्सचं मागचं दार आचाऱ्यांनी पातेली लावून अडवलं होतं.

दुसरं अष्टक सुरू झालं. "मुलीचे नाऽऽव..."

"सृष्टी," बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

बुवांनी पुढे रेटलं. "...मुलीच्या वडिलांचे नाऽऽव..."

"राजेंद्र," दहा-वीस जणी म्हणाल्या.

"...यांच्या घरीची कळी, मुलाचे गाऽऽव..."

"कान्हे," म्हणून पुरुषांची अख्खी बाजू गरजली. कान्हेकर मंडळींना या गावची रीत नवी होती, पण आवडलेली दिसली. त्यांनी कान्हे दोनदा म्हटलं.

आबा खांबाला धरून उभे होते. त्यांना हळूहळू जे दिसत होतं ते चष्म्याशिवायही स्पष्ट होतं. बायका बुवांच्या मागे नव्हत्या, त्या बुवांच्या पुढे होत्या. कंस यायच्या आधीच त्यांची तोंडं उघडत होती. जिथं कंस नव्हते तिथं त्या बुवांबरोबर ओठ हलवत होत्या. बयाबाई तर डोळे मिटून, एक हात कमरेवर ठेवून, अष्टकं अशी म्हणत होत्या जशी त्या दळण टिपताना हातातलं काम न बघता बोलत.

तिसरं झालं, चौथं झालं. आता चारशे माणसं नुसती कंसांची वाट बघत होती. पाचवं लागलं.

"मामा हा रडतो हळूच पुसतो, डोळे रुमालातुनी..."

भिमाजी मामांनी रुमाल काढला, डोळ्यांना लावला. खांदे हलू लागले.

"...सूचना. मुलीला मामा नसल्याऽऽस, ही ओळ काढावी," बुवांनी तितक्याच करुण सुरात म्हटलं.

रुमाल डोळ्यांवरून खाली आला. भिमाजींनी आधी बुवांकडे पाहिलं, मग सृष्टीकडे, मग आपल्या फेट्याला हात लावून पाहिला.

"मी हाय की हितं," ते म्हणाले.

"हाय, हाय," बायका म्हणाल्या. "काढू नका ओळ. चालू द्या बुवा."

अंतरपाटाआड सृष्टीचे खांदे हलत होते. भटजींनी अंतरपाट तोंडावर घेतला होता, आणि तो कशासाठी ते सगळ्यांना कळत होतं.

आठही अष्टकं झाली. अक्षतांचे हात वर गेले. आणि भटजींनी घड्याळ बघून बोट वर केलं. अजून दोन मिनिटं होती. एरवी सूर ताणण्यात जो वेळ जायचा, तो आज पुढे पळणाऱ्या बायकांना गाठताना बुवांचा वाचला होता.

"बुवा, अजून एक," भटजी म्हणाले.

"संपलं की," बुवा टॅबवर बोट फिरवत म्हणाले. "खाली नुसतं 'साचा समाप्त' असं हाय. ते म्हणू का?"

"आबा कुटं गेलं?" भिमाजींनी विचारलं.

खांब फार जाड नव्हता. बयाबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "जावा," त्या म्हणाल्या. "तीन दिस भिंतीशी बोलत होता ते काय फुकट?"

आबा माइकसमोर आले. त्यांनी फोन काढला. चौथी खोली, त्यांना आता पक्कं माहीत होतं, चौथीत आहे. त्यांनी फोन चेहऱ्यासमोर धरला. फेटा भुवयांवर उतरला होता, चष्मा भिमाजींच्या खिशात होता. फोननं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख द्यायला नकार दिला. आबांनी फोन दूर धरला, जवळ धरला, किंचित हसून पाहिलं. नाही. फोननं आकडे मागितले. त्यांनी काहीतरी आकडे दाबले. फोन हातातल्या हातात शहारला.

"एक मिनिट राहिलं," भटजी म्हणाले.

तेव्हा कुठे आबांच्या लक्षात आलं की त्या दोन ओळी फोनमध्ये शोधायची गरजच नव्हती. तीन दिवस त्यांनी दुसरं केलं काय होतं? त्यांनी फोन खिशात टाकला, माइकपासून तोंड वळवलं, कारण माइककडे बघून त्यांना बोलता येत नसे, आणि अंतरपाटाच्या खालच्या कडेकडे बघत म्हटलं:

"जे कोणी न शिवे कपाट उघडी, ती एकटी वाचते,
वेळेला परतून दे, न दुमडी पानास कोठे कधी..."

ते थांबले. पुढच्या दोन ओळी झालेल्याच नव्हत्या.  मग बयाबाईंनी सुरुवात केली आणि साऱ्या औंढेकरांनी उचललं:

"दोघांचे घर हे सुखात बहरो, कुर्यात् सदा मंगलम्. शुभमंगल सावधान."

अक्षता पडल्या. बरोब्बर बारा सत्तावीस.

जेवताना आबांच्या पानात तीन जणांनी जिलेबी वाढायला लावली. आबांनी एकीलाही हात लावला नाही. बयाबाई वाढप आटपून शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं," आबा खाली बघत म्हणाले.

"काय?"

"की त्याच असतात."

"एकतीस वर्षं ऐकतोय," बयाबाई म्हणाल्या. "पाठ न्हाई व्हणार तर काय? आमी पोरीबाळींना झोपवतानासुदिक त्येच म्हणतो."

"मग कुणी बोललं का नाही?"

"कशाला बोलायचं? आपल्या मांडवात आपलंच पायजे. दुसरं कायतर म्हणलं तर लगीन लागल्यावानी वाटत न्हाई."

आबांनी पाण्याचा एक घोट घेतला. मग त्यांनी जे मुख्य होतं ते विचारलं. "आणि ते तीन दिवस? वाचनालयातले?"

"त्याचं काय?"

"मी तिथं लिहीत नसतो."

"ठावं हाय," बयाबाई म्हणाल्या. "म्या डबा घिऊन येत न्हाई का? पर तुमी तितं असता तवा मला बी घरात जरा बरं वाटतं. ते तीन दिस ऱ्हाऊ द्या. जिलेबी खावा."

आबांनी जिलेबी खाल्ली. तेवढ्यात भिमाजी मामा चष्मा परत द्यायला आले. त्यांच्या बरोबर सोमाटण्याचे कुणी पाहुणे होते, ज्यांच्या मुलीचं वैशाखात होतं.

"आबा, ह्यांना पण पायजे," भिमाजी म्हणाले. "पर नावं घालू नका. कोरंच द्या, आजच्यावानी. माणसांना बोलाय मिळतं."

"आणि त्ये मामाचं?" पाहुण्यांनी आठवण केली.

"त्ये तर पायजेच. सूचनेसकट."

हात धुवायच्या रांगेत, लग्नाला आलेल्या संदेशनं वडिलांचा फोन हातात घेतला. त्यानं सात फोल्डर पाहिले, प्रत्येकात शिरून बाहेर आला, आणि मग त्याला काय झालं ते समजलं. तो हसला नाही, हे आबांनी त्याच्या खाती जमा धरलं.

"सहा उडवू का आबा?"

"चौथं ठेव," आबा म्हणाले. "आणि एक कोरं."

दुपार कलल्यावर सृष्टी निघाली. गाडीपाशी जो तो रडत होता, भिमाजी मामा पुन्हा एकदा, या वेळी ओळीशिवाय. सृष्टी सगळ्यांच्या पाया पडत आबांपाशी आली, वाकली, आणि उठताना त्यांच्या कानाशी थांबली.

"आबा, ओळी लय चांगल्या होत्या."

 आबांनी फेटा सारखा केला.

"फक्त एक पुस्तक अजून माझ्याकडंच हाय," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

"पान?" आबांनी हळूच विचारलं.

"दुमडलंय."

आबांनी विचार केला. बोटं आपोआप हलली, लघू, लघू, गुरू.

"असू दे," ते म्हणाले. "ते वृत्तात बसलं नसतं."